महर्षी कर्वे : दाराबाहेर कोण राहिले?

चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा समाचारपट किंवा माहितीपट दाखवणे सक्तीचे होते, तो काळ आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या प्रेक्षकांच्या स्मरणात असेल. धरणे, कारखाने, पंचवार्षिक योजना, परदेशी पाहुण्यांचे दौरे हे या पटांचे नेहमीचे विषय. १९५८ साली मात्र या सरकारी संस्थेने गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकाच्या जीवनावर माहितीपट काढला. नील गोखले आणि राम गबाले हे त्याचे दिग्दर्शक. माहितीपट निघाला तेव्हा त्याचा चरित्रनायक हयात होता आणि त्याने वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती. त्याच वर्षी त्याला भारतरत्न मिळाले आणि हयातीतच त्याच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. हा चरित्रनायक म्हणजे धोंडो केशव कर्वे. जवळच्यांचे अण्णा आणि महाराष्ट्राचे महर्षी.

शिक्षण या विषयावर आज जगभर माहितीपट निघतात. पास्कल प्लिसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या २०१३ मधील माहितीपटात केनिया, मोरोक्को, अर्जेंटिना आणि भारतातील मुले शाळा गाठण्यासाठी रोज किती पायपीट करतात, हे दाखवले आहे. कर्वे यांचे आयुष्यही अशाच पायपिटीने सुरू होते. मात्र शाळेपर्यंत पोहोचणे एवढाच त्यांच्या चरित्राचा विषय नाही. शाळेच्या दाराबाहेर कोण राहिले, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. त्याची उत्तरे शोधताना त्यांनी केलेल्या तडजोडी आणि त्या तडजोडींची किंमत मोजणारी माणसे हादेखील त्या चरित्राचाच भाग आहे.

मुरूड ते मुंबई

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे आजोळी झाला. बालपण गेले दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी. घरची स्थिती बेताची. गावातील सोमण गुरुजींमुळे त्यांना वाचनाची आणि सार्वजनिक कामाची गोडी लागली. दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे ही त्यांची पहिली समाजसेवा.

१८७५ साली मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी त्यांना साताऱ्याला जावयाचे होते. पावसाळ्याचे दिवस, बोटीची सोय नाही. मुरूडहून सातारा शंभर मैलांहून अधिक. सोबत्यांबरोबर सह्याद्रीचा घाट चढून ते पायी साताऱ्याला पोहोचले. परीक्षेसाठी सतरा वर्षे वयाची अट होती आणि ती त्यांनी पूर्ण केली होती. परंतु अंगकाठी लहान असल्यामुळे अधिकाऱ्यांचा त्यांच्या वयावर विश्वास बसला नाही. परीक्षेला न बसताच त्यांना परतावे लागले. पुढे कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. पात्रता असूनही दारातून परत पाठवले जाणे म्हणजे काय, याचा हा पहिला अनुभव.

मुंबईत रॉबर्ट मनी शाळेतून ते १८८१ मध्ये मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये गणित विषय घेऊन बी. ए. झाले. शिकवण्या आणि मुलींच्या शाळांतील गणिताचे तास यांवर संसार चालला होता. पहिली पत्नी राधाबाई यांच्याशी त्यांचा विवाह बालवयातच झाला होता. १८९१ मध्ये राधाबाईंचे निधन झाले. मागे राहिला मुलगा रघुनाथ. संततिनियमनाच्या प्रचारासाठी पुढे आयुष्य वेचणारे र. धों. कर्वे ते हेच.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आमंत्रणावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर रिकामी झालेली ही जागा. १९१४ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले.

एक विवाह आणि गावाचा ठराव

विधुर पुरुषाने लहान वयाच्या कुमारिकेशी विवाह करावा, ही त्या काळची रीत. कर्वे यांनी ती नाकारली. मुंबईत त्यांच्याबरोबर राहणारे मित्र नरहर बाळकृष्ण जोशी यांची धाकटी बहीण गोदूबाई वयाच्या आठव्या वर्षी, विवाहानंतर अवघ्या काही महिन्यांत विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा तेथे दाखल झालेली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे सदन पुण्याला हलले. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सर्वांच्या बाया.

हे नवदाम्पत्य मुरूडला गेले तेव्हा गावाने बहिष्काराचा ठराव केला. कर्वे यांच्याशी कोणी व्यवहार ठेवू नये आणि घरच्यांनीही त्यांना थारा देऊ नये, असा त्याचा आशय. म्हाताऱ्या आईला मुलाला घरात घेता येईना. ज्या गावाला त्यांनी देवळात बसून वर्तमानपत्र वाचून दाखवले होते, त्या गावाने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले.

कर्वे चिडले नाहीत आणि मागेही फिरले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. पण पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा मोजक्या आणि उरलेल्या असंख्य विधवांच्या वाट्याला घरातील बिनपगारी राबणे, हे वास्तव त्यांना लवकरच उमगले. विवाहाआधी स्वतःच्या पायावर उभे राहणे आणि त्यासाठी शिकणे अधिक निकडीचे आहे, या निष्कर्षाला ते आले.

हिंगण्याची झोपडी

१४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. शिलकीतील एक हजार रुपये कर्वे यांनी या कामाला दिले. पुण्यात प्लेगचा कहर सुरू झाल्यावर आश्रम शहराबाहेर नेणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे जमीन दिली आणि १९०० साली तेथे साध्या झोपडीत आश्रम सुरू झाला. आज दाट वस्तीचा भाग झालेले कर्वेनगर तेव्हा माळरान होते. महाविद्यालयातील तास संपले की कर्वे आश्रमाला लागणारे सामान घेऊन सुमारे चार मैल पायी हिंगण्याला जात आणि सकाळी तितकेच अंतर तुडवत वर्गावर हजर होत.

आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवाच होत्या. त्या आश्रमात आल्या आणि आश्रमाच्या कामातच त्यांनी आयुष्य घालवले. निधी गोळा करण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या या बाई १९१८ मध्ये, वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, इंग्रजीचे तुटपुंजे ज्ञान घेऊन अमेरिकेला गेल्या. तेथे प्रसंगी घरकाम करून त्यांनी दिवस काढले आणि आश्रमासाठी मदत मिळवली. विधवेने माजघराबाहेर पडू नये असे मानणाऱ्या समाजातील एक स्त्री समुद्रापलीकडे एकटी जाऊन आली, हे आश्रमाच्या शिक्षणाचे बोलके फलित.

तडजोडीची किंमत

आश्रम टिकवण्यासाठी समाजाचा विश्वास हवा होता. आपली विधवा मुलगी येथे पाठवली तर तिचा पुनर्विवाह लावून दिला जाईल, ही पालकांची धास्ती होती. म्हणून कर्वे यांनी पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम यांच्यात भिंत घातली. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या या सुधारकाने आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, अशी हमी दिली आणि पाळली.

या भिंतीची सर्वांत मोठी झळ बसली ती आनंदीबाईंना. त्या पुनर्विवाहित. त्यामुळे पतीने उभ्या केलेल्या विधवांच्या आश्रमात त्यांनाच सन्मानाची जागा नव्हती. कर्वे हिंगण्याला आणि आनंदीबाई मुलांना घेऊन पुण्यात, असा संसार दीर्घकाळ चालला. पतीचा पैसा, आयुर्विमासुद्धा, आश्रमाकडे वळत असताना घराचा भार त्यांनी पेलला. त्यासाठी मुलांना मागे ठेवून त्या नागपूरला गेल्या आणि परिचारिका व सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात हा संसार कोणताही आडपडदा न ठेवता उतरला आहे. वसंत कानेटकर यांच्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकामागे या घराची प्रेरणा आहे, हे मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहेच.

दुसरी भिंत जातीची होती. आरंभीच्या काळात आश्रम ब्राह्मण विधवांपुरता मर्यादित होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आपली बहीण जनाक्का हिला शिकवण्याची इच्छा घेऊन कर्वे यांच्याकडे गेले, तेव्हा ती ब्राह्मण नसल्यामुळे तिला आश्रमात प्रवेश मिळाला नाही. शिंदे यांनी आपल्या आत्मचरित्रात ही नोंद करून ठेवली आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी याच पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढून तिची दारे सर्व जातींना खुली केली होती. त्याला जवळपास अर्धशतक उलटल्यावरही हे घडले. साताऱ्याच्या परीक्षेतून आणि मुरूडच्या घरातून परत पाठवल्या गेलेल्या कर्वे यांच्या दारातून आता दुसरी एक मुलगी परत जात होती.

या गोष्टी झाकून कर्वे यांचे मोठेपण वाढत नाही. एका वेळी एकच रूढी हातात घ्यावी, तेवढ्यापुरती जागा मिळवावी आणि मग पुढे सरकावे, ही त्यांची पद्धत होती. त्या पद्धतीने संस्था टिकल्या. पण जे पुढच्या पावलाची वाट पाहत उभे होते, त्यांचे आयुष्य मात्र थांबून राहिले नव्हते.

टोकियोहून आलेली पुस्तिका

१९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. त्यानंतर निष्काम कर्म मठाद्वारे कर्वे यांनी आजीव कार्यकर्त्यांची फळी उभारली. अशातच काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी पाठवलेली एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. टोकियोतील जपान महिला विद्यापीठाची ती माहिती होती. जिंझो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत स्त्रियांना त्यांच्याच भाषेतून आणि त्यांच्या जीवनाशी जोडलेले उच्च शिक्षण मिळत होते. लंडनचा आराखडा तसाच्या तसा उचलणाऱ्या भारतीय विद्यापीठांपेक्षा हा आशियाई नमुना कर्वे यांना अधिक जवळचा वाटला.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि काही महिन्यांतच ती प्रत्यक्षात आणली. ३ जून १९१६ रोजी भारतीय महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी अवघ्या पाच.

टीकाही झाली. स्त्रियांसाठी निराळे विद्यापीठ आणि त्यात गृहविज्ञानासारखे निराळे विषय म्हणजे स्त्रीला पुन्हा स्वयंपाकघरातच पाठवणे, असा एक आक्षेप होता. दुसरीकडे इंग्रजी विषय सक्तीचा ठेवणे महात्मा गांधींना पसंत नव्हते. कर्वे यांनी मधली वाट धरली. माध्यम मातृभाषेचे आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. मातृभाषेतून पदवीपर्यंत शिकता येते, हे या विद्यापीठाने दाखवून दिले. माध्यमाचा वाद आजही महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात आणि बहुतेक घरांत जिवंत असताना हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. हेच आजचे एसएनडीटी. ठाकरसी यांनीही जपानचे महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले होते. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला आले आणि स्वातंत्र्यानंतर त्याला कायद्याची मान्यता मिळाली.

सत्तरीनंतरची जगयात्रा

ज्या वयात माणसे काशीयात्रेचा विचार करतात, त्या वयात कर्वे जगातील शाळा पाहण्यास निघाले. मार्च १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले. माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला उपस्थित राहिले. लंडनमध्ये भारतातील स्त्रीशिक्षणावर त्यांचे व्याख्यान झाले. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषदेत त्यांनी आपल्या महिला विद्यापीठाच्या प्रयोगाची माहिती दिली. ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नव्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांची जागतिक परिषद भरली होती, तेथेही ते होते. मारिया माँटेसरी यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती याच परिषदेच्या वेळी. मूल हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानणारा विचार तेथे घडत असताना हिंगण्याच्या माळावरचा हा वृद्ध शिक्षक श्रोत्यांत बसला होता.

तेथून अमेरिका आणि मग जपान. ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने त्यांना मार्ग दाखवला होता, त्या जपानमधील स्त्रीशिक्षण त्यांनी आता प्रत्यक्ष पाहिले. एप्रिल १९३० मध्ये ते परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेला. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या भारतीय वसाहतींत सव्वा वर्ष फिरून त्यांनी विद्यापीठासाठी निधी जमवला. चित्रपटाचा कॅमेरा जगभरच्या शाळांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी केलेले हे चित्रण होते. पुढे ‘लुकिंग बॅक’ या इंग्रजी आत्मचरित्रात त्याचा वृत्तांत त्यांनी दिला.

पुन्हा खेड्याकडे

जग पाहून आलेल्या माणसाने यानंतर आणखी एखादे विद्यापीठ काढले असते तर ते स्वाभाविक ठरले असते. कर्वे यांनी उलट दिशा धरली. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तेथे शाळा काढणे हा त्याचा हेतू. लखपतीकडून एकरकमी देणगी मिळवण्याचा अनुभव गाठीशी असलेले कर्वे आता दारोदार फिरून आणे-रुपये मागत. स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातूनही त्यांनी या कामाला वाटा दिला. येथे विद्यार्थ्याची जात विचारायची नव्हती.

१९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. जातिभेद मिटवणे हे या संघाचे ध्येय आणि ‘मानवी समता’ हे त्याचे मासिक. जनाक्काला प्रवेश न देणाऱ्या आश्रमापासून समता संघापर्यंतचा हा प्रवास अर्ध्या शतकाच्या आसपासचा आहे. तो संथ होता, हे कबूल केलेच पाहिजे. पण वय वाढते तशी बहुतेक माणसांची मते आखडत जातात. कर्वे यांची मते मात्र वयाबरोबर रुंद होत गेली. ज्या भिंतीला तरुणपणी त्यांनी हात लावला नव्हता, ती पाडण्याचे काम त्यांनी म्हातारपणी अंगावर घेतले.

आनंदीबाई २९ नोव्हेंबर १९५० रोजी निवर्तल्या. पतीचा सन्मानांचा काळ त्यांना पाहता आला नाही. १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितीत झालेला जन्मशताब्दीचा सोहळा, हे सारे त्यानंतरचे. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात कर्वे यांचे निधन झाले.

मुंबईच्या जुन्या क्वीन्स रोडला आज त्यांचे नाव आहे. चर्चगेट स्थानकाच्या आसपासच्या कार्यालयांत कामाला जाणाऱ्या नवी मुंबईतील स्त्रियांच्या पायाखालून महर्षी कर्वे रस्ता जातो आणि एसएनडीटीची इमारत तेथून हाकेच्या अंतरावर आहे. स्त्रीने शिकून नोकरी करणे यात आता कोणाला नवल वाटत नाही, ही कर्वे यांच्या पिढीची कमाई. मात्र शिक्षणाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. ज्या नव्या शहराच्या इमारती गावोगावहून आलेल्या मजुरांनी बांधल्या आणि आजही बांधत आहेत, तेथे एक काम संपताच दुसरीकडे मुक्काम हलवणाऱ्या या कुटुंबांतील मुलांची शाळा मध्येच सुटते. शाळा जवळ असते, तिचे दारही उघडे असते, तरी ती मुले बाहेरच राहतात. कर्वे यांना एकेक दार उघडायला आयुष्यातील दशके लागली. त्यांच्याकडून शिकावयाचे ते दार उघडण्याचे चिवटपण. आणि त्यांच्या चरित्रातून शिकावयाचे ते हे की, दाराबाहेर उभे असलेल्या मुलाजवळ वाट पाहण्याइतका वेळ नसतो.